पाळ बांधली गेली

कामाचा कंटाळा करणारी माणसं मी आयुष्यात ढिगानं पाहिली आहेत. त्यांतली निम्मी आमच्याच शाळेच्या शिक्षकखोलीत बसतात आणि मीही त्यांच्यातच बसतो. न केलेलं काम आपणच केलं असं छातीठोकपणे सांगणारी तर त्याहून जास्त पाहिली. पण दिवसभर राबून, ते राबणं आपल्या अंगाला चिकटू नये म्हणून चोरी केल्यासारखं तोंड लपवणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. या गृहस्थांना जगात कसलीच भीती नाही. वाटेत साप दिसला तर "जा गा बाबू, तिकडून जा" म्हणून त्याला रस्ता दाखवतात. गावाबाहेर बिबट्या फिरतोय अशी आवई उठली तरी पहाटे एकटे निघतात. पण कुणी "मामा, तुमच्यामुळे झालं हो" एवढं म्हटलं की ते वाट फुटेल तिकडे पळत सुटतात.

मामांचं गाव देवरीहून आमगावकडे जाताना लागतं. रस्त्यावर बस सोडायची आणि धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे भातखाचरांमधून, दोनेक किलोमीटर आत चालायचं. मी मूळचा वर्ध्याकडचा. गोंदियाला एका शाळेत मराठी शिकवतो, म्हणजे हिंदीत भांडणाऱ्या पोरांना मराठीत नापास करतो. तर हे गाव खरं म्हणजे मामांचंही नव्हे. ते त्यांच्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं सासर. माझे सासरे अचानक गेले तेव्हा माझी बायको पाच वर्षांची होती आणि धानाची रोवणी, म्हणजे लावणी, तोंडावर आली होती. त्या वेळी मामा सालेकशाकडच्या आपल्या गावाहून एक कापडी पिशवी घेऊन आले आणि "एवढा रोवना झाला का जातो" म्हणाले. तो रोवणा झाला. त्यानंतर आणखी तीस झाले. पिशवी अजून ओसरीतल्या खुंटीला लटकलेली आहे आणि मामांच्या मते ते अजून जायचेच आहेत. मधल्या काळात एखाद्याची छत्री कुठेतरी राहून जावी तसं त्यांचं लग्न राहून गेलं. माझ्या लग्नात मांडवाचे खांब त्यांनीच रोवले, स्वयंपाकाचं पाणी त्यांनीच भरलं, पण लग्नाच्या एकाही फोटोत ते नाहीत. अक्षता पडत होत्या तेव्हा ते म्हणे सरपण आणायला गेले होते. बहिणीच्या सासरी राहायला आलेला माणूस घरातल्या पोरांचा मामा असतोच. वर्षभरात तो शेजारच्या पोरांचा होतो आणि पाचेक वर्षांत साऱ्या गावाचा. आज सरपंच त्यांना मामा म्हणतात, पोस्टमन मामा म्हणतो, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी माणसंही मामाच म्हणतात. लग्नपत्रिकेत त्यांचं खरं नाव छापायचं होतं तेव्हा मला तीन जणांना विचारावं लागलं होतं.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. बिघडलं ते एका प्रवचनानं. गावात सप्ताह बसला होता आणि बाहेरून आलेले एक महाराज दुपारी बोलत असत. सतरंज्या पसरणं, पाणी भरणं, महाराजांच्या बैलजोडीसारख्या धष्टपुष्ट दोन शिष्यांना चहा देणं हे मामांकडे असल्यामुळे त्यांना प्रवचन ऐकायला सवड नव्हती. सात दिवसांत एकदाच ते पाच मिनिटं टेकले. नेमकं त्याच वेळी महाराज सांगत होते की माणसानं काम करावं, फळाची आशा धरू नये, म्हणजे ते कामच देवाकडे नेतं. मामा पुढे सरसावले, आणि तेवढ्यात भोंगा बंद पडला. मामा वायर जोडायला वर चढले. ते खाली उतरेपर्यंत आरती सुरू झाली होती. असं ते अर्धं तत्त्वज्ञान त्यांच्या वाट्याला आलं आणि उरलेलं अर्धं त्यांनी स्वतःच्या डोक्यानं पुरं केलं.

पहिला अर्थ त्यांनी लावला तो अगदी सरळ होता: फळं खायची नाहीत. तिकडच्या बोलीत 'ळ'चा 'र' होतो, म्हणून मामा फळाला 'फर' म्हणतात. सासूबाईंनी आंबा कापून पुढे ठेवला की "फर नाही पाहिजे जी मले" म्हणून ताटली सरकवत. सीताफळ गेलं, जांभूळ गेलं, रानातली टेंभरं गेली. एक दिवस मला गोंदियाला फोन आला, टमाटर हे फळ की भाजी? आता मी मास्तर. मला माहीत असलेली गोष्ट विचारली गेली की माझ्या अंगात वारं शिरतं. मी त्यांना सांगितलं की वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं टमाटर हे फळ, वांगं हे फळ, भेंडीसुद्धा फळच. झालं. पुढचा महिना त्या घरात पालेभाजीशिवाय काही शिजलं नाही. शेवटी सासूबाईंनी मला फोन करून, "तुमी तिकडं पोरं बिघडवता ते बिघडवा, माह्या घरची भाजी काऊन बिघडवून रायले?" असं विचारलं. तेव्हा मी घाईघाईनं शास्त्र मागे घेतलं आणि स्वयंपाकघरातली व्याख्या लागू केली. गंमत अशी की त्या फलत्यागाच्या काळातही मार्चमध्ये झाडाखाली पडलेली मोहाची फुलं वेचून, भाजून, मामा चवीनं खात होते. मी नुसतं पाहिलं तर म्हणाले, "फूल होय जी हे. फर नाही." अशा रीतीनं मामांची फळाची आशा सुटली, मोह काही सुटला नाही.

मग कुणीतरी त्यांना 'निष्काम' हा शब्द सांगितला. तो त्यांना इतका आवडला की ते तो जिथे तिथे वापरू लागले. पंचायतीत कसलीशी पाहणी आली होती. टेबलामागच्या बाबूनं विचारलं, "मामा, तुम्ही काय करता?" मामा नम्रपणे म्हणाले, "निष्काम." बाबूनं लिहिलं: काम नाही. त्याचा तरी काय दोष? शब्दाची फोड करायला घेतली तर तोच अर्थ निघतो. साऱ्या तालुक्यात पहाटेपासून अंधार पडेपर्यंत न बसणारा एकमेव माणूस सरकारदरबारी बेकार म्हणून लागला. मामांना हे कळलं तेव्हा त्यांना भलताच आनंद झाला. आपलं काम कुणाला दिसलंच नाही, म्हणजे आपण बरोबर वाटेवर आहोत, असा त्यांनी त्याचा अर्थ घेतला.

आभारांचा तर त्यांनी धसकाच घेतला. आभार हेही फळच, असं त्यांचं ठरलं होतं. एकदा अंगणवाडीच्या ताईंची सायकल पंक्चर झाली. मामांनी ती खांद्यावर टाकून रस्त्यापर्यंत नेली, नीट करून आणली आणि अंगणवाडीच्या भिंतीला गुपचूप टेकवली. ताईंनी खिडकीतून पाहिलं आणि तिथूनच ओरडल्या, "मामा, लय उपकार झाले हो तुमचे!" मामा दचकले. क्षणभर विचार करून ते खाली वाकले आणि त्यांनी दुसऱ्या चाकाची हवा सोडली. उपकार फिटला. पण घरी जाता जाता त्यांना वाटलं, पोरीनं आता घरी कसं जावं? म्हणून पंप घेऊन परत आले आणि हवा भरली. ताईंनी पुन्हा आभार मानले. ताई मला सांगत होत्या, "सर, तिसऱ्यांदा मीच तोंड दाबून धरलं, नाहीतर संध्याकाळ झाली असती."

या असल्या पेचांवर माझ्याशी चर्चा करायला मामांना फार आवडे. मी गेलो की ओसरीत माझ्यासमोर उकिडवे बसत आणि आदल्या भेटीपासून साठवलेला प्रश्न काढत. "जवाईबापू, आशा सोडायची म्हन्ते. पन आशा सोडायचीबी आशाच झाली ना जी?" मी म्हणे, "झाली." "मंग तेबी सोडायची का?" "सोडायला पाहिजे." "मंग धरून काय ठेवायचं?" इथे माझं अध्यात्म संपे आणि मी चहा मागे. एकदा मात्र त्यांनी माझ्या आवाक्यातला प्रश्न विचारला. "तुमच्या मराठीत असं वाक्य असते का जी, का काम झालं पन करनाराच नाही?" मी खूश झालो. म्हटलं, मामा, आपल्या भाषेत ती सोय आहे. 'मी तलावाची पाळ बांधली' असं म्हणायचंच नाही. 'पाळ बांधली गेली' म्हणायचं. कोणी बांधली ते वाक्याला ठाऊकच नसतं. मामांनी ते वाक्य दोनदा पुटपुटलं. "बांधल्या गेली," ते म्हणाले. तिकडे तसंच म्हणतात. तेवढी दुरुस्ती मी सोडून दिली. त्या दिवसापासून मामांचं बोलणं पार बदललं. "आज शेतातलं निंदन केल्या गेलं." "बैल धुतल्या गेले." "चहा पिल्या गेला, आता निंगतो." घरात ते आहेत की त्यांची बातमी, ते कळेनासं झालं. माझ्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत व्याकरण इतकं मनावर घेतलेला विद्यार्थी मला दुसरा भेटला नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. हिच्यात चूक माझी आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. गावाच्या वरच्या अंगाला एक जुना तलाव आहे. खालच्या सगळ्या धानाला पाणी त्याचंच. अशा तलावाची मातीची पाळ, म्हणजे पाणी अडवणारा बांध, जपावी लागते. खेकडे तिला बिळं पाडतात, बिळातून पाणी झिरपतं, आणि बेशरमची झुडपं काठ खाऊन टाकतात. बेशरम उपटायची, बिळं मातीनं ठेचून भरायची, पाणी सोडायच्या तोंडाशी अडकलेला कचरा काढायचा, ही कामं कुणाचीच नसतात. म्हणून मामांनी ती घेतली होती. रोज पहाटे, गाव उठायच्या आत, घरच्या शेतावर जाण्याआधी ते तास-दीड तास तिथे राबून येत. दहा-बारा वर्षं हे चाललं होतं आणि गावाला त्याचा पत्ता नव्हता. पाळ आपोआप नीट राहते असंच सगळ्यांना वाटे. प्रवचनानंतर मामांच्या लक्षात आलं की आपल्याजवळ एक तयार निष्काम काम आहे! ना नाव, ना आभार, ना साक्षीदार. घरचं शेत हे घरचं काम, ते धरायचं नाही. पण हे एक चोख आहे. आयुष्यात एक तरी काम असं देवापुढे ठेवता आलं पाहिजे, एवढाच त्यांचा ध्यास होता, आणि त्यांचा सगळा भरवसा त्या पाळीवर होता.

मे महिन्याच्या सुट्टीत मी गेलो असताना एका पहाटे त्यांच्या मागे लागून तलावावर गेलो. पाळीच्या टोकाला सरकारी पाटी होती. पाटी दिसली की वाचायची आणि शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या, ही माझी जुनी खोड. वाचलं आणि ओरडलोच, "अरे वा, मामा! तुमच्या नावाचा तलाव!"

मामा हातात उपटलेली बेशरम घेऊन उभे राहिले. त्या पाटीच्या खांबावर दोन वर्षं ते आपला दुपट्टा वाळत घालत होते, पण अक्षरांकडे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. चष्मा ते फक्त सुईत दोरा ओवायला लावतात.

"काय लिहून आहे जी?"

"मामा तलाव."

"कोन मामा?"

"गावात मामा एकच. तुम्ही!"

"काऊन लिहिलं असन?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

"काऊन म्हणजे? इतकी वर्षं तुम्ही पाळ सांभाळता, कळलं असेल कुणाला तरी."

मामांनी बेशरम खाली ठेवली. हात धुतले. खांबावरचा दुपट्टा काढला आणि सरळ घरी आले. दुसऱ्या दिवशी पहाटे ते अंथरुणातच होते. सासूबाईंना वाटलं ताप आला.

त्याच दिवशी ग्रामसेवक भेटले. मी मोठ्या कौतुकानं पाटीचा विषय काढला, तर ते माझ्याकडे पाहतच राहिले. "सर, मामा म्हणजे मा. मा. माजी मालगुजारी. जुन्या जमीनदारांचे असे तलाव आपल्या जिल्ह्यात जागोजागी आहेत. पेंटरनं ठिपके गाळले." मराठीचा मास्तर असून मला दोन अक्षरांचा संक्षेप ओळखता आला नाही! मी धावत घरी आलो आणि मामांना सगळं समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "तुमी माही समजूत काढून रायले." मी म्हटलं खरंच. ते म्हणाले, "गावचे लोक मले मामा म्हन्ते का नाही?" म्हटलं, म्हणतात. "मंग?" शेवटी मी देवरीहून रंगाची डबी आणि ब्रश आणला, भर उन्हात पाटीवर चढलो आणि दोन्ही 'मा'पुढे एकेक ठळक ठिपका दिला. मामांना चष्मा लावून नेऊन दाखवलं. त्यांनी निरखून पाहिलं. "ठिपके ओलेच आहेत जी," ते म्हणाले आणि परत फिरले.

परतताना बांधावर ते थांबले. "एक गोस्ट सांगू का? ते पाटी खरी असो का खोटी असो. तुमी वाचली ना, तवा मले घडीभर लय बरं वाटलं." मी म्हटलं, त्यात काय वाईट आहे? "तेच तं फर होय ना जी," मामा म्हणाले. "खाल्ल्या गेलं." या माणसाची दहा-बारा वर्षांची जमवलेली एकच गोष्ट मी एका वाक्यात नासवली होती, आणि ती भरून कशी द्यायची ते मला कुठल्याच शास्त्रात सापडेना.

मामांनी पाळीवर जाणं बंद केलं, आणि मग गावाला पाळ दिसली. आषाढात बेशरम माणसाच्या कमरेला आली. तेव्हा लोकांनी एकमेकांना विचारलं, हे आधी कोण काढत होतं? शोध लागायला वेळ लागला नाही. लोक ओसरीत येऊन बसले. इथली माणसं बोलायला सडेतोड, एकानं सरळ विचारलं, "काऊन जी मामा, तुमच्या तलावाकडे येऊन नाही रायले?" त्यातला 'तुमच्या' ऐकून मामा उठून आत गेले. मग गावानं ठरवलं की मामा रुसले आहेत, त्यांचा सत्कार करायला पाहिजे. यापरता वाईट उपाय शोधूनही सापडला नसता. सरपंच स्वतः शाल आणि श्रीफळ घेऊन आले. मामांनी नारळाकडे पाहिलं आणि आतल्या बाजूला वळून बहिणीला हाक मारली, "बाई, पाह्य वो, फर घेऊन आले!" मागच्या दारानं ते जे गेले ते दुपारी जेवायलाच उगवले.

श्रावणात पाळ झिरपायला लागली. खेकड्यांच्या बिळांतून पाणी बोटभर धारेनं खाली येत होतं. लोकांनी दोन दिवस माती टाकून पाहिली, पण बीळ आतून कुठे वळतं ते हाताला ठाऊक असावं लागतं. मामा ओसरीत बसून सगळं ऐकत होते. सासूबाई सांगतात, त्या दोन दिवसांत त्यांनी एका जागी बसून जमीन टोकरून खड्डा पाडला. तिसऱ्या दिवशी पहाटे पाळीवर एक माणूस दिसला. त्यानं दुपट्टा डोक्यापासून हनुवटीपर्यंत असा गुंडाळला होता की फक्त डोळे दिसत होते. अंगात मामांचा निळा सदरा, पायांत मामांची बाहेरून झिजलेली चप्पल, चालणं डाव्या अंगाला जरासं कलतं, मामांसारखंच. पहिला जो वाटेनं आला तो सवयीनं "राम राम, मा..." म्हणाला, आणि त्यानं उरलेलं गिळलं. मग म्हणाला, "राम राम जी." त्या माणसानं मान हलवली आणि बिळात हात घातला.

दुपारपर्यंत सारं गाव, कुठेही बैठक न भरवता, एकमतावर आलं होतं. चौकातल्या चहाच्या टपरीवर मी पुढे स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. "पारीवर कोन होय गा तो?" "कोन जाने बाप्पा. बाहेरगावचा वाटते." "काम चांगलं करते पन." "बोलू नोको त्याच्यासंग. लाजते तो." एरवी जावयाच्या तोंडावर 'तुमी जाडे झाले' म्हणणारं हे गाव! पण त्या दिवसापासून आजतागायत, त्या माणसाला कुणीही नावानं हाक मारलेली नाही. अंगणवाडीच्या ताई तर पाळीवरून जाताना मुद्दाम दुसरीकडे बघतात.

त्यानंतरच्या रविवारी मी गेलो, तर सासूबाईंनी माझ्या हातात डबा दिला. "पारीवर एक मानूस काम करून रायला म्हन्ते," त्या सरळ चेहऱ्यानं म्हणाल्या. "उपाशी असन. देऊन या."

"कोण आहे तो?"

"मले काय मालूम?" त्या म्हणाल्या. "मिरची कमी टाकली म्हना. सोसत नाही त्याले."

मी पाळीवर गेलो, डबा पुढे ठेवला आणि शक्य तितक्या गंभीरपणे विचारलं, "कोण आपण?"

"कोनी नाही जी."

त्यानं हात धुतले, दुपट्टा नाकाखाली तेवढा सरकवला आणि भात कालवला. तो जेवत असताना मी तलावाकडे पाहिलं. धार बंद झाली होती. खालच्या बांध्यांत धान हिरवंगार उभं होतं. मग दुपट्ट्यातून आवाज आला.

"गावात तो मामा आहे ना, तुमी त्याचे जवाई?"

"हो."

"तुमी शिकलेले. एक सांगा. त्या मामाच्या हातून आतापावतर एक तरी काम बिनआशेचं झालं असन का? हे पारीचं सोडा, हे नासलं. दुसरं एखादं? त्याले लय फिकर आहे जी त्याची. वय होऊन रायलं."

"तुम्हांला काय वाटतं?" मी विचारलं.

"नसन झालं," तो माणूस म्हणाला. "त्यानं जिंदगीत केलं काय? एका रोवन्यासाठी आला न तेथंच रायला. एकतीस वर्सं बहिनीच्या घरी रायला, बहिनीचं खाल्लं. तिनं कदी जा म्हटलं नाही म्हनून रायला. ह्याले का काम म्हन्ते?"

माझ्यातला मास्तर कधी कधी नको तेव्हा जागा होतो. 'रायला', 'खाल्लं'. बैल धुतले गेले होते, पाळ बांधली गेली होती, चहासुद्धा प्यायला गेला होता. पण हे वाक्य मात्र कर्त्यासकट होतं. साऱ्या आयुष्यात मामांनी स्वतःकडे घेतलेली क्रियापदं एवढीच. माझ्या जिभेवर सगळं उत्तर आलं. अहो, त्या एकतीस वर्षांत तिचं शेत कोणी पेरलं? पाच वर्षांची पोरगी खांद्यावर बसवून शाळेत कोणी नेली? माझ्या घरात आज जी बाई आहे ती कोणाच्या जिवावर शिकली? मी तोंड उघडलंसुद्धा. समोर पाटी होती, आणि तिच्यावर मीच दिलेले दोन ठिपके. मी तोंड मिटलं.

"मलाही काही आठवत नाही बुवा," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. "मीबी तेच म्हन्तो," तो म्हणाला, आणि मग घाईनं, "म्हंजे तो मामाबी तेच म्हन्ते." हात झटकून तो उठला. तलावाच्या पाण्यानं डबा घासून-पुसून त्यानं माझ्या हातात दिला. "डबा धुतल्या गेला. चला, मंग कराच लागन अजून काई." आणि तो कुदळ घेऊन पाळीच्या दुसऱ्या टोकाकडे गेला.

मी घरी आलो तेव्हा सासूबाई ओसरीत तांदूळ पाखडत होत्या. "काय म्हने तो मानूस?" त्यांनी सुपावरून नजर न उचलता विचारलं. मी सांगितलं. मामानं जिंदगीत काही केलं नाही म्हणाला. बहिणीकडे राहिला, बहिणीचं खाल्लं म्हणाला. सूप थांबलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"तुमी काय म्हटलं मंग?"

"काही नाही. मला आठवत नाही म्हटलं."

"बरं केलं," त्या म्हणाल्या. डोक्यावर खुंटीला ती कापडी पिशवी लटकत होती, तिच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. "कदी सांगजा नोका त्याले. काम झालं म्हनून मालूम पडलं तं जाईन तो."

मी खरं बोललो की खोटं, चांगलं केलं की वाईट, ते मला अजून उमगलेलं नाही. दर पंधरा दिवसांनी रविवारी मी गोंदियाहून जातो, सासूबाई डबा देतात, आणि पाळीवर जाऊन मी विचारतो, "कोण आपण?"